दार वेळेवर मिटलं पाहिजे

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावर दरवर्षी कीर्तन होतं, नाट्यगीतं होतात, मुलांची नाटुकली होतात. या वेळी कार्यकारिणीनं ठरवलं की एक संध्याकाळ विज्ञानाला द्यायची. मी जन्मभर महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवलं, तेव्हा ही माळ माझ्या गळ्यात पडली. विषय विचारला, तर मी म्हणालो, ‘आयन चॅनेल’. सचिवांचा चेहरा पडला. म्हणाले, “सर, लोक उठून जातील.” मी म्हटलं, “विंचवापासून सुरुवात करतो, कोणी उठणार नाही.”

तर विंचवापासूनच सुरुवात करतो.

साठेक वर्षं होत आली. आमचं घर धारला होतं, जुना वाडा, मागे मोठं अंगण. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. गणपती आठवड्यावर आले होते आणि आम्ही पोरं मखरासाठी अंगणातल्या ढिगातून विटा काढत होतो. माझा आतेभाऊ सहा वर्षांचा. त्यानं वीट उचलली आणि किंकाळी फोडली. बोटाला विंचू चावला होता. लहानसा, तांबूस. आजोबांनी तो चपलेनं ठेचला.

पुढचं तुमच्यापैकी वयस्कर मंडळींना सांगायला नको. शेजारच्या गल्लीतून झाडा-फुंकी करणारा आला. त्याचा आमच्या भागात मोठा लौकिक. त्यानं मंत्र म्हटले, हातावरून लिंबाचा डहाळा उतरवला. पोराला दरदरून घाम सुटला होता, दोनदा उलटी झाली, हातपाय गार पडले. पण दुखणं मात्र हळूहळू कमी झालं. “उतरलं विष,” तो म्हणाला, आणि घरानं सुटकेचा श्वास टाकला. आत्यानं देवापुढे साखर ठेवली. पहाटे पोराला धाप लागली, खोकला सुरू झाला, तोंडातून फेस आला. टांगा जोडून दवाखान्यात नेईपर्यंत तो गेला.

त्या वर्षी आमच्याकडे मखर झालं नाही. आत्या त्यानंतर खूप वर्षं जगली. ती फारसं बोलायची नाही, पण मी प्राणिशास्त्र घेतलंय म्हटल्यावर तिनं मला एकदाच विचारलं, “एवढंसं किडूक ते. त्यानं माझा लेक कसा रे नेला?”

मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. ‘विष होतं’ हे काही उत्तर नव्हे. विषाचा एक थेंबसुद्धा नव्हता तो. आज मी तुम्हाला जे सांगणार आहे ते आत्याच्या त्या प्रश्नाचं उत्तर आहे.

त्यासाठी आधी पेशीच्या भिंतीपर्यंत जावं लागेल. देवासकरांना ही भिंत समजावणं सोपं आहे. गाव एकच, पण संस्थानं दोन. तुकोजीरावांची थोरली पाती आणि जिवाजीरावांची धाकटी पाती. हद्द गावातूनच जायची. आमचे वडील सांगायचे की रस्ता ओलांडला की राज्य बदलायचं. आता अशी कल्पना करा की त्या हद्दीवर भिंत आहे आणि मोजकेच नाके आहेत. एका पातीत मिठाचे ढीग, दुसऱ्या पातीत गुळाचे. नाका उघडला की माल आपोआप वाहू लागेल, जिकडे जास्त तिकडून जिकडे कमी तिकडे. ढकलायची गरजच नाही.

आपली प्रत्येक पेशी अशीच आहे. तिच्याभोवती चरबीसारख्या रेणूंचं दुहेरी पटल असतं, जाडी जेमतेम ५ नॅनोमीटर. पटलाच्या बाहेर सोडियम भरपूर, म्हणजे आपलं मिठातलंच सोडियम, लिटरला सुमारे १४५ मिलिमोल; आत त्याच्या दहावा हिस्साही नाही. पोटॅशियमचं उलट: आत सुमारे १४०, बाहेर फक्त ४ ते ५. तुमच्या रक्ताच्या अहवालात ‘सोडियम १४०, पोटॅशियम ४.२’ असे आकडे छापलेले असतात ना, ते बाहेरच्या पातीचे. ही तफावत टिकवण्यासाठी पटलात एक पंप रात्रंदिवस चालतो. दर फेरीला सोडियमचे ३ कण बाहेर टाकतो, पोटॅशियमचे २ आत घेतो. आपण गाढ झोपलेले असतो तेव्हाही अन्नातून मिळालेल्या शक्तीचा बराच मोठा वाटा हा पंप खात असतो.

हे सोडियम-पोटॅशियमचे कण साधे नसतात, त्यांच्यावर विद्युतभार असतो. अशा भारित कणाला आयन म्हणतात. त्यामुळे पटलाच्या दोन बाजूंमध्ये विजेचा दाब तयार होतो. चेतापेशीत तो साधारण ७० मिलिव्होल्ट असतो, आतली बाजू ऋण. ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण भिंत किती पातळ आहे ते विसरू नका. हिशेब केला तर दर सेंटिमीटरला सुमारे १ लाख ४० हजार व्होल्ट इतका ताण त्या पटलावर असतो. म्हणजे प्रत्येक पेशी ही ताणलेल्या धनुष्यासारखी तयार असते. फक्त दार उघडायचा अवकाश.

हे दार म्हणजे आयन चॅनेल. चरबीच्या पटलातून भारित कण जाऊ शकत नाही, म्हणून पटलात प्रथिनांची दारं बसवलेली असतात. माणसाच्या जनुकांत अशा दारांचे तीनशेहून अधिक नकाशे लिहिलेले आहेत. मी यापुढे दारच म्हणणार आहे. पण आपल्या घराचं दार आणि हे दार यात तीन फरक आहेत. हे दार माणूस ओळखतं, हाक ऐकतं, आणि उघडल्यावर स्वतःहून मिटतं. या तिन्ही गोष्टी त्याच्या घडणीतच आहेत.

पहिलं, ओळखणं. पोटॅशियमच्या दारातून सेकंदाला १ कोटी ते १० कोटी कण जातात, आणि त्यात सोडियमचा कण क्वचितच निसटतो. गंमत अशी की सोडियमचा कण पोटॅशियमपेक्षा लहान आहे. मोठा जातो आणि लहान अडतो, हे कसं? या कोड्यानं शास्त्रज्ञांना कैक वर्षं छळलं. १९९८ साली अमेरिकेत रॉडरिक मॅकिनन यांनी मातीतल्या एका जीवाणूच्या पोटॅशियम दाराची रचना क्ष-किरणांनी पाहिली आणि कोडं सुटलं. चार सारखे प्रथिनाचे तुकडे वर्तुळात उभे, मधोमध वाट, आणि वाटेच्या एका अरुंद भागात ऑक्सिजनचे अणू आत तोंड करून बसलेले. पाण्यात कुठलाही आयन पाण्याचे रेणू अंगाभोवती गुंडाळून हिंडतो. या अरुंद वाटेत शिरायचं तर ते वस्त्र उतरवावं लागतं. पोटॅशियम उतरवतो, कारण आतले ऑक्सिजनचे अणू त्याला नेमके त्याच मापाने सामावून घेतात. सोडियम लहान, त्याचा हात त्या अणूंपर्यंत नीट पोचत नाही. वस्त्र सोडणं त्याला परवडत नाही, म्हणून तो बाहेरच राहतो. नाक्यावरचा शिपाई अंगकाठी पाहून नव्हे, तर कुणाला कुठला अंगरखा बसतो ते पाहून सोडतो असं म्हणा. या कामाबद्दल मॅकिनन यांना २००३ मध्ये नोबेल मिळालं.

दुसरं, हाक ऐकणं. सगळी दारं सदा उघडी राहिली तर दोन्ही पातींचा माल सारखा होईल आणि पेशी मरेल. म्हणून प्रत्येक दाराला कान असतो, आणि वेगवेगळ्या दारांना वेगवेगळी हाक ऐकू येते.

काहींना विजेची हाक ऐकू येते. चेता आणि स्नायूंमधली सोडियमची दारं या जातीची. सुमारे दोन हजार अमिनो आम्लांची एक लांब साखळी, ती चार सारख्या भागांत दुमडलेली, आणि प्रत्येक भाग सहा वेळा पटलातून आरपार. या सहांपैकी चौथ्या तुकड्यावर धनभार ओळीने बसवलेले असतात. पटलाचा विजेचा दाब बदलला की हा तुकडा पुढे सरकतो, आणि त्याच्या ओढीनं मधली वाट उघडते. अ‍ॅलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी १९५२ मध्ये माकूळ नावाच्या समुद्री प्राण्याच्या जाड चेतातंतूवर प्रयोग करून अशी विजेवर चालणारी वाट असलीच पाहिजे असं गणितानं दाखवलं होतं. तेव्हा हे प्रथिन कुणी पाहिलंही नव्हतं.

काहींना रसायनाची हाक लागते. हात उचलायचा हुकूम मेंदूकडून येतो तेव्हा चेतेच्या टोकाशी असिटिलकोलीनचा फवारा पडतो आणि स्नायूवरची दारं उघडतात. काहींना उष्णतेची: जिभेवरच्या एका दाराला ४३ अंशांच्या वर गेलं की जाग येते, आणि त्याच दाराला मिरचीतलं कॅप्सेसिनही चालतं. निमाडची लाल मिरची तोंडात ‘आग’ लावते असं आपण म्हणतो, ते अगदी शब्दशः खरं आहे. चेतेला दोन्हींतला फरक कळतच नाही.

आणि काही दारं पेशीच्या आतला हिशेब पाहतात. स्वादुपिंडात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर पोटॅशियमचं एक दार असतं. रक्तात साखर वाढली की पेशीत एटीपी हे इंधन वाढतं, ते या दाराला आतून चिकटतं आणि दार बंद होतं. मग पटलाचा दाब बदलतो, कॅल्शियमची दारं उघडतात आणि इन्सुलिन बाहेर पडतं. इथे बसलेल्यांपैकी ज्यांच्या डबीत ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइड आहे, ती गोळी हेच दार बंद करते. शेजारच्या कप्प्यात अ‍ॅम्लोडिपीन असेल, तर ती रक्तवाहिनीच्या भिंतीतली कॅल्शियमची दारं आवरते, वाहिनी सैल पडते आणि रक्तदाब उतरतो. दाताच्या डॉक्टरांनी हिरडीत टोचलेलं लिग्नोकेन सोडियमच्या दारात आतून जाऊन बसतं, त्यामुळे दुखल्याची वर्दीच पुढे जात नाही. आपल्यापैकी कित्येक जण रोज सकाळी चहाबरोबर आयन चॅनेलवरच उपचार घेत असतात. नाव मात्र आज पहिल्यांदा ऐकलं असेल.

आता तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं: मिटणं.

सोडियमचं दार विजेच्या हाकेनं उघडलं की हजारांश सेकंदाच्या आत कण आत घुसतात. पण हाक अजून चालू असतानाच, एक-दोन हजारांश सेकंदांत, दार आपलं आपण मिटतं. त्यासाठी त्यात वेगळी योजना आहे. तिसऱ्या आणि चौथ्या भागाला जोडणारा एक छोटा पट्टा आत लोंबत असतो. चौथ्या भागाचा तो धनभारित तुकडा सरकला की हा पट्टा उडी मारून वाटेजवळच्या खाचेत जाऊन बसतो आणि वाट मिटते. उघडण्याचं काम पहिल्या तीन भागांचे पहारेकरी करतात. मिटायचा इशारा मुख्यतः चौथा देतो. मग पोटॅशियमची दारं उघडतात, पटलाचा दाब पूर्ववत होतो, आणि चेता पुढच्या निरोपासाठी मोकळी. आत्ता मी बोलतोय आणि तुम्ही ऐकताय, हे सगळं असंख्य दारं उघडून लगेच मिटतात म्हणून. उघडण्याइतकंच मिटणं हासुद्धा निरोपाचाच भाग आहे. दार मिटलं नाही, तर निरोप संपतच नाही, नुसता आरडाओरडा होतो.

आता विंचवाकडे परत या.

भारतीय तांबड्या विंचवाच्या विषात छोटी छोटी प्रथिनं असतात. त्यांतल्या एका गटाची प्रथिनं साठ-सत्तर अमिनो आम्लांची, घट्ट विणलेली. ती सोडियमच्या दाराच्या बाहेरच्या बाजूला, नेमक्या त्या चौथ्या पहारेकऱ्याला जाऊन चिकटतात आणि त्याला जागेवरून हलू देत नाहीत. दार उघडतं, पण मिटायचा इशाराच जात नाही. आपण दार लागू नये म्हणून खाली पाचर मारतो ना, तशी ही पाचर. एवढंसं किडूक, त्याचा विषाचा अंश, आणि त्यातला एकेक रेणू एकेका दाराखाली.

मग काय होतं पाहा. आपल्या इच्छेवाचून चालणाऱ्या चेता, म्हणजे घाम, लाळ, हृदय, रक्तवाहिन्या सांभाळणाऱ्या, त्या पेटून उठतात. आधी घाम, लाळ, उलट्या. लगेच पाठोपाठ अ‍ॅड्रिनलीन आणि नॉरअ‍ॅड्रिनलीन यांचा पूर. अंगभर रक्तवाहिन्या आवळल्या जातात, म्हणून हातपाय गार. रक्तदाब चढतो. हृदयाला बंद गल्लीत गाडी ढकलल्यासारखं रक्त ढकलावं लागतं. काही तासांनी ते थकतं, आणि मागे तुंबलेलं पाणी फुफ्फुसात झिरपतं. धाप, खोकला, फेस.

माझ्या आतेभावाच्या बाबतीत एकेक गोष्ट याच क्रमानं झाली होती. घाम आणि गार हात हीच धोक्याची वर्दी होती. आम्ही सगळे मात्र दुखणं मोजत बसलो, आणि दुखणं कमी झालं म्हणून निजलो.

त्या झाडा-फुंकीवाल्याला मी आज दोष देत नाही. बहुतेक विंचूदंशांत वेदनेपलीकडे काही होत नाही. मोठ्या नांग्यांचा काळा विंचू दिसायला भयंकर, पण तो सहसा जिवावर उठत नाही. म्हणजे दहांतले बहुतेक जण मंत्राशिवायही बरे होणारच होते. त्याच्या लौकिकाचं गणित तेच होतं. ज्यांच्या अंगात पाचर बसली होती, त्यांना त्या गणितात जागा नव्हती.

आता एका माणसाची ओळख करून देतो. डॉक्टर हिम्मतराव बावस्कर. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे, गरिबीतून शिकलेले. १९७६ मध्ये ते कोकणात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तिथे लाल मातीत आणि दगडांच्या गडग्यांत तांबडा विंचू मुबलक. धडधाकट शेतकरी, लहान मुलं डोळ्यांदेखत जात होती. गंभीर रुग्णांपैकी शंभरात चाळीसच्या आसपास दगावत, असं त्यांनी नोंदवलं आहे. पुस्तकात उपाय नव्हता. मग बावस्करांनी जे केलं ते साधं होतं, आणि तेच अवघड होतं. ते रुग्णाच्या खाटेशी बसून राहिले. रात्र रात्र. नाडी, रक्तदाब, घाम, हातपायांची गारी, सगळं तासातासाला लिहीत गेले. त्या नोंदींतून त्यांना कळलं की जी माणसं दगावतात, ती हृदयानं दगावतात, आणि त्याची चिन्हं आधीच दिसतात. उलट्या, घाम, लाळ, गार हातपाय या धोक्याच्या चिन्हांवरचा त्यांचा लेख १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात आला.

आता उपाय काय? दाराखालची पाचर काढायचं औषध त्यांच्यापाशी नव्हतं. पण त्यांनी विचार असा केला: दार मिटत नसेल, तर दारातून निघालेला पूर जिथे जाऊन आदळतो ते ठिकाण तरी वाचवू. अ‍ॅड्रिनलीनसारखी रसायनं रक्तवाहिन्यांवरच्या ‘अल्फा’ नावाच्या ग्राहींवर बसून त्या आवळतात. ते ग्राही आधीच अडवून ठेवणारं एक औषध बाजारात होतं, रक्तदाबासाठी वापरलं जाणारं, स्वस्त, तोंडानं घ्यायचं. प्राझोसिन. ते दिल्यावर आवळलेल्या वाहिन्या सैल पडल्या, हृदयावरचा बोजा उतरला, माणसं उठून बसू लागली. १९८६ मध्ये हेही ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. मृत्यूचं प्रमाण चाळीस टक्क्यांवरून उतरत एक टक्क्याच्या आसपास आलं.

पुढे मुंबईच्या हाफकिनमध्ये तयार होणारी विंचवाची प्रतिविष लसही आली. ती रक्तातलं विष पकडते, म्हणजे नव्या पाचरी बसू देत नाही. हिम्मतराव आणि त्यांच्या पत्नी डॉक्टर प्रमोदिनी यांनी महाडला ७० रुग्णांवर तुलना केली. नुसत्या प्राझोसिननं बरं व्हायला सरासरी १८ तासांच्या आसपास लागत होते, प्राझोसिन आणि प्रतिविष मिळून सुमारे ८ तास. २०११ मध्ये तो अभ्यास ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. २०२२ मध्ये बावस्करांना पद्मश्री मिळाली. त्यांचं ‘बॅरिस्टरचं कार्टं’ हे आत्मचरित्र मराठीत आहे, मिळालं तर जरूर वाचा.

हीच गोष्ट बंगालमध्येही घडली, तीही सांगतो, कारण दार तिथेही उघडंच राहिलं होतं. आपल्या आतड्याच्या पेशींवर क्लोराईडचं एक दार असतं. पेशीच्या आतून फॉस्फेटचा शिक्का बसला की ते उघडतं, शिक्का निघाला की मिटतं. पटकीचं विष, म्हणजे कॉलरा टॉक्सिन, पेशीला हे शिक्के मारतच राहायला लावतं. दार उघडं, क्लोराईड बाहेर, त्यामागे सोडियम आणि पाणी, आणि माणूस काही तासांत सुकून जातो. जीवाणूनं सोडलेलं हे विष हेच पटकीचं कारण आहे, हे कोलकात्याच्या शंभूनाथ डे यांनी १९५९ मध्ये दाखवलं. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव इथल्या छावणीत पटकी पसरली, सलाईनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजायला सुरुवात केली. क्लोराईडचं दार मिटवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही. आतड्यात साखर आणि सोडियम जोडीनं आत घेणारी एक वेगळीच वाट असते, ती या रोगात शाबूत राहते. त्या वाटेनं त्यांनी पाणी आत नेलं. आज आपल्या प्रत्येक घरात ओआरएसची पुडी असते ती त्या वाटेसाठी.

मला या दोन गोष्टींत एक धागा दिसतो. दोन्ही डॉक्टरांजवळ मोठी प्रयोगशाळा नव्हती, पण शरीराची वाट कुठून कुठे जाते हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मूळ दार हाती लागत नसेल, तर पुढचं कुठलं दार आपल्या हाती आहे, ते त्यांनी शोधलं. शास्त्र जाणून घ्यायचं ते यासाठी.

आणि विंचवाचा न्याय पाहा. त्याच भारतीय तांबड्या विंचवाच्या विषातून १९९० मध्ये शास्त्रज्ञांनी ३७ अमिनो आम्लांचं एक प्रथिन वेगळं केलं, आयबेरिओटॉक्सिन. ते पोटॅशियमचं एकच एक जातीचं दार अचूक बंद करतं. रक्तवाहिन्यांचे स्नायू आणि मेंदूच्या पेशी यांत ते दार काय काम करतं, हे शोधायला जगभरच्या प्रयोगशाळा तेच विष वापरतात. ज्यानं दाराखाली पाचर मारली, त्यानंच दुसऱ्या दाराची किल्ली दिली.

आता शेवटी घरी न्यायच्या चार गोष्टी. विंचू चावला तर जागा कापू नका, चोखू नका, दोरी बांधू नका. माणसाला शांत बसवा आणि दवाखान्यात न्या. १०८ ला फोन करा. लहान मूल असेल तर एक मिनिटही घरगुती उपायात घालवू नका, आणि दुखणं थांबलं तरी एक दिवस डॉक्टरांच्या नजरेखाली ठेवा. उलटी, दरदरून घाम, लाळ, गार हातपाय दिसले तर ते डॉक्टरांना आपण होऊन सांगा. आणि प्राझोसिन मी सांगितलं म्हणून कपाटात आणून ठेवून स्वतःच्या मनानं देऊ नका. त्यानं रक्तदाब एकदम पडू शकतो, ते डॉक्टरांचंच काम. गणपतीच्या दिवसांत अडगळीतून विटा, फळ्या, जुनी खोकी काढायची असतील, तर काठीनं आधी हलवा, आणि पोरांना त्यात हात घालू देऊ नका. आमच्याकडे साठ वर्षं हा नियम आहे.

आत्या आता नाही. असती तर आज तिला सांगितलं असतं: आत्या, त्या किड्यात बळ नव्हतं. आपल्याच अंगातली दारं होती ती, त्यानं फक्त ती मिटू दिली नाहीत. आणि दुखणं थांबलं म्हणून तू देवापुढे साखर ठेवलीस, त्यात तुझी चूक नव्हती. घाम आणि गार हात यांचा अर्थ तेव्हा कुणालाच माहीत नव्हता. आज माहीत आहे. या मंडपातल्या प्रत्येकाला माहीत आहे.

तुम्ही इतका वेळ शांतपणे ऐकलंत, कोणी उठून गेलं नाही, हे सचिवांनी कृपया इतिवृत्तात नोंदवावं. 

गणपती बाप्पा मोरया!